पॅकर्सचा 1919 चा पहिला हंगाम

ग्रीन बे पॅकर्स हा अमेरिकेतल्या ग्रीन बे गावाचा अमेरिकन फुटबॉल संघ. तो पहिल्यापासूनच एनएफएलमध्ये (तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये) आणि शेअरहोल्डरांच्या मालकीचा होता, असं म्हटलं जातं. तसं नाही. 1919 मध्ये ती लीगच नव्हती. ती 1920 मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, पॅकर्स 1921 मध्ये आत आले आणि शेअर विकले गेले 1923 मध्ये.

संघ उभा केला कर्ली लॅम्बो आणि स्थानिक वर्तमानपत्राचा क्रीडा संपादक जॉर्ज कॅल्हून यांनी. लॅम्बो तेव्हा इंडियन पॅकिंग कंपनीत कारकून होता. मालकाकडून जर्सींसाठी पैसे आणि सरावाला जागा मिळाली, म्हणून नाव पॅकर्स. सामने हेगमाइस्टर पार्कमध्ये व्हायचे. ना कुंपण, ना बसायला बाकडी. तिकीट लावणार कुठे? मग गर्दीत टोपी फिरवायची, पडेल ते आपलं. हे काम बहुतेक कॅल्हूनच करायचा.

पहिल्याच सामन्यात मेनॉमिनीच्या संघाला 53-0 ने धुतलं. अख्ख्या हंगामात 565 गुण केले, दिले फक्त 12! अर्थात समोर आसपासच्या गावांचे क्लब होते, त्यामुळे या आकड्याने फार हुरळून जाऊ नये. लागोपाठ दहा विजयांनंतर शेवटी बेलॉइट गावच्या संघाने स्वतःच्या मैदानावर 6-0 ने हरवलं. रेफरी यजमानांच्या बाजूचा होता आणि त्याने आमचे टचडाउन (चेंडू विरोधी संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) रद्द केले, अशी ग्रीन बेवाल्यांची ओरड होती. (हे आपल्याकडच्या कबड्डीवाल्यांना सांगायला नकोच.) हंगामाअखेर वाटणी झाली तेव्हा प्रत्येकाच्या हाती साधारण 17 डॉलर आले म्हणतात.