विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांचं शिकवणं सुधारलं? अनुभव सांगा

निवडुंग: भाचीच्या कॉलेजात सत्राच्या मध्यावर सर वर्गाबाहेर जातात, दुसऱ्या विभागाच्या मॅडम येतात. मुलांचे गट करून विचारतात, शिकायला कशाची मदत होते, काय बदलायला हवं. एकमत होईल तेवढंच सरांपर्यंत जातं, नावं नाहीत. ऐकून आमचे गणिताचे सर आठवले. उजव्या हाताने लिहीत, डाव्याने पुसत पुढे. फॉर्म भरून घेतला तो परीक्षेच्या तोंडावर! फायदा झालाच असेल तर पुढच्या बॅचला. तुमच्याकडे काय व्हायचं?

चष्मिस: दोन्ही हातवाले सर सगळ्यांना होते तर 😂

अर्धविराम: फॉर्म सर स्वतः गोळा करायचे आणि अक्षर ओळखायचे. सगळं 'उत्तम'.

चष्मिस: @अर्धविराम मी डाव्या हाताने लिहायचो. तरी 'उत्तम'च 😂

रानजाई: मी विद्यार्थिनी असताना दुसऱ्या विषयाच्या तासाला बसून सरांचं शिकवणं टिपायचं काम केलंय. अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात असं चालतं, आमच्याकडे त्याच धर्तीवर. मी इतिहासाची, बसायचे रसायनशास्त्राच्या तासाला. तो विषय आपण घेतलेला नसावा हीच मुख्य अट, म्हणजे मार्क त्या सरांच्या हातात नाहीत. शेरे मारायचे नाहीत, घडलं ते वेळेसकट टिपायचं. '१०:१२ प्रश्न विचारला. १०:१२ स्वतःच उत्तर दिलं.' सरांना वाटायचं मुलं मठ्ठ आहेत. वही बघून हसले, मग प्रश्नानंतर मनात आकडे मोजायला लागले. मागच्या बाकावरून हात वर आला! बस आली, उरलेलं रात्री.

टाचण: अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळांत हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात.

सायली_क: मी टेबलाच्या पलीकडची. मागे वही घेऊन पोरगा बसला की घसा कोरडा पडतो हो, कितीही वर्षं शिकवलं तरी. पण फॉर्मवर 'फार फास्ट' आणि 'फार स्लो' दोन्ही येतं, त्याचं करायचं काय? तो म्हणाला, "मॅडम, व्याख्या फास्ट, किस्से स्लो." एवढं नेमकं मला कुठल्याच कमिटीने सांगितलं नव्हतं. किस्से कमी केले नाहीत, ते माझे लाडके आहेत. व्याख्या मात्र आता दोनदा सांगते.

अर्धविराम: किस्से ठेवा मॅडम. मला कॉलेजातलं तेवढंच आठवतं.

चष्मिस: @रानजाई पैसे मिळायचे का?

रानजाई: हो, तासावर.

चष्मिस: तास बुडवायचे दिवस वायाच गेले म्हणायचे.