वरच्या दुधाचं पाणी: ७० अंश की कोमट? प्रत्येक देश वेगळंच सांगतोय

जागरणवाली
बाळ ३५व्या आठवड्यात झालं, आता पाच आठवड्यांचं आहे. अंगावरचं पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी थोडं वरचं दूध सुरू करायला सांगितलं. पावडरचा डबा घरात आला आणि सल्ल्यांना ऊत आला. जाऊबाई इंग्लंडमध्ये. त्या म्हणतात, पाणी उकळ आणि अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांखाली जायच्या आधी पावडर घाल. बहीण जर्मनीत. तिच्याकडे नळाचं ताजं पाणी कोमट करून वापरतात, उकळतसुद्धा नाहीत. फ्रान्समधली मैत्रीण तर गरमच करत नाही. ऑस्ट्रेलियातले दीर सांगतात उकळून कोमट कर, आणि डब्यावरही तेच छापलंय. बरं, कुणी मनाचं सांगत नाहीये, सगळ्यांनी आपापल्या सरकारी सूचना पाठवल्यात. एवढे प्रगत देश आणि साध्या पाण्यावर एकमत नाही? मी ऐकू कुणाचं?

बर्लिनकर
आमच्याकडे दोन्ही मुलं कोमट पाण्यावरच वाढली. काही झालं नाही. इतकी काळजी करू नका.

दुधखोली
@बर्लिनकर, तुमची मुलं पूर्ण दिवसांची होती का? त्यावर बरंच अवलंबून आहे.

जागरणवाली, मी नवजात अतिदक्षता विभागासाठी दूध तयार करायच्या खोलीत नोकरी केली आहे, त्यामुळे थोडं लांबण लावते. सीलबंद डब्यातली पावडर निर्जंतुक नसते, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने तग धरतो. त्याची लागण होते फार क्वचित, पण तान्ह्या बाळाला झाली की तो थेट रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात जाऊ शकतो. २००१ साली अमेरिकेत टेनेसीतल्या एका नवजात अतिदक्षता विभागात असाच संसर्ग झाला आणि माग काढत काढत तपास पावडरीपाशी येऊन थांबला. कारखान्यात तपासणी होते. युरोपचा नियम आहे की १० ग्रॅमचे ३० नमुने घ्यायचे आणि एकातही हा जंतू निघता कामा नये. पण ३०० ग्रॅम तपासून टनावारी मालाची हमी कोण देणार?

मग उरतात दोन वाटा. जंतू मारायचा, नाहीतर त्याला वाढायला वेळ द्यायचा नाही. जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) आणि अन्न व कृषी संघटना (एफएओ) यांनी २००७च्या सूचनांत पहिली वाट धरली, म्हणून ७० अंश. इंग्लंड आणि जपान त्यांच्यामागून गेले. फ्रान्स-जर्मनीने दुसरी धरली. पाणी कोमट किंवा साधं, पण बाटली झाली की लगेच बाळाच्या तोंडी. तुमची मैत्रीण पाणी गरम करत नाही हे खरं, पण फ्रान्सचा पुढचा नियम तिने सांगितला का? बाटली बाहेर फार तर एक तास, आणि गरम केली असेल तर अर्धा तास. उरलेलं ओतून टाकायचं.

घोळ होतो तो इथे. लोक एका देशाचं पाणी घेतात आणि दुसऱ्या देशाचं घड्याळ. जर्मनीसारखं कोमट पाण्यात कालवतात आणि इंग्लंडच्या हिशेबाने दोन तास ठेवतात. ३७ अंशांच्या आसपास हा जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. डब्ल्यूएचओ-एफएओच्या तज्ज्ञांनी जोखमीचं गणित मांडलं, त्यात ४० ते ५० अंशांच्या पाण्यात केलेलं दूध रेंगाळत ठेवणं सगळ्यात वाईट ठरलं. म्हणजे 'छान कोमट' हेच त्याचं आवडतं हवामान.

आता तुमच्या बाळाचं. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्था एरवी पाण्याच्या बाबतीत बरीच सैल आहे. पण बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, लवकर जन्मलेलं असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर तीही सांगते की शक्यतो तयार द्रव फॉर्म्युला घ्या, कारण तो निर्जंतुक असतो, नाहीतर ७० अंशांचं पाणी वापरा. कॅनडाही अशा बाळांसाठी ७०च म्हणतो. तुमच्या बाळाला यातल्या दोन अटी लागू होतात. मी असते तर जाऊबाईंचं ऐकलं असतं. डॉक्टरांना मात्र दाखवा, '३५ आठवड्यांचं आहे, पाणी किती गरम?' असं सरळ विचारा.

शंकासुर
७० अंशांत जीवनसत्त्वं मरत नाहीत का? आणि हल्ली डब्यांवर प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगले जंतू, असं लिहिलेलं असतं, तेही शिजून जाणार. शिवाय पेंगुळलेल्या आईच्या हातात रात्री तीन वाजता इतकं गरम पाणी!

दुधखोली
शेवटचा मुद्दा सगळ्यात खरा. जर्मनी ७०ला राजी नाही त्यात भाजण्याची भीती आहे, गुठळ्या होतात हेही आहे. पावडर घालून हलवलं की बाटली झाकण लावून नळाच्या धारेखाली फिरवत निववा. धार झाकणाच्या खालून जाऊ द्या, नाहीतर नळाचं पाणी निपलवर उडतं. मनगटावर थेंब टाकून कोमट लागल्याशिवाय बाळाला देऊ नका.

उष्णतेने क जीवनसत्त्व काही प्रमाणात घटतं. प्रोबायोटिकचे जंतूही मरतात, ते खरंच आहे, म्हणून तशा डब्यांवर कोमट पाणीच लिहितात. अशा वेळी डॉक्टरांना प्रोबायोटिक नसलेला डबा सुचवायला सांगावं. डब्यावरची सूचना मोडून ७० वापरायचं की नाही हे घरी बसून ठरवू नये.

जागरणवाली
खूप आभार. आता कळलं की सगळे एकाच शत्रूशी वेगवेगळ्या बाजूंनी लढतायत. दोन शंका. घरात थर्मामीटर नाही, तर ७० ओळखू कसं? आणि बहीण तिकडून डबा पाठवते म्हणतेय.

दुधखोली
इंग्लंडचा अर्धा तास हा किमान एक लिटर पाण्यासाठी आहे, ही अट लोक गाळतात. कपभर पाणी उकळून ओट्यावर ठेवलंत तर ते त्याच्या कितीतरी आधी ७०च्या खाली येतं. मी थर्मामीटर घालून बघितलंय, पसरट भांड्यात तर आकडा डोळ्यांदेखत उतरतो. तेव्हा किटलीत लिटरभर उकळा, झाकून ठेवा, बाटलीत आधी पाणी, मग पावडर. एकदा उकळून गार झालेलं पाणी पुन्हा उकळू नका, दर वेळी ताजं भरा.

बहिणीचा डबा आला तर त्यातलाच चमचा वापरा. कुठे ३० मिली पाण्याला एक चमचा असतो, कुठे ६०ला. डबे बदलून चमचा तोच ठेवला की दूध एकतर पातळ होतं नाहीतर घट्ट, आणि दोन्ही बाळाला बाधतं. चमचा सपाट, दाबून भरलेला नाही. तो ओल्या ओट्यावर ठेवून परत डब्यात टाकू नका, जंतू तिथूनही शिरतो.

जागरणवाली
आणि रात्रीचं? दर तीन तासांनी किटली चढवणं जिवावर येतं.

दुधखोली
चांगला थर्मास घ्या. झोपताना उकळतं पाणी काठोकाठ भरा आणि घट्ट बंद करा, भरलेला असेल तर काही तास ७०च्या वर राहतो. अर्धा भरला तर लवकर निवतो. एकदा उघडलात की उरलेल्याचा भरवसा धरू नका, पुढच्या वेळेसाठी दुसरा छोटा थर्मास भरून ठेवा. पावडर मात्र आधी मोजून ठेवायची असेल तर वेगळ्या, पूर्ण कोरड्या डबीत ठेवा.