निघताना काय झालं? इंदूरच्या राईडवाल्यांनो, लिहा

नमस्कार मंडळी. जूनमध्ये मी आणि माझा मामेभाऊ दोन मोटरसायकली घेऊन हॅम्बुर्गहून वर नॉर्डकॅप (नॉर्वेचं उत्तर टोक) आणि मग खाली रोमानियापर्यंत जाणार आहोत. इथल्या थॅलेसेमियाच्या मुलांसाठी पैसे जमवतोय. या पोरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि दर वेळी बॅगेला पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर लावावा लागतो, आमचे पैसे त्या फिल्टरचे. आल्प्सचे व्हिडिओ बघून बघून डोळे दुखले, ते नकोत. असं काही करून आलेल्यांनी (किंवा करता करता राहिलेल्यांनी) निघायच्या आधीचं आणि निघतानाचं सांगा. सल्ले नकोत हो, काय झालं ते लिहा.

*

राजेंद्र नगरवाला :

सुरुवात मी करतो. 2019. सगळ्यात जड काय गेलं असेल तर पैसे मागणं. कॉलनीतले एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हणजे तू आल्प्स फिरणार आणि पेट्रोल आम्ही टाकायचं का?" लागलं यार. पण प्रश्न चूक नव्हता. त्या रात्री वहीत दोन रकाने केले, तिकीट-भाड्याची गाडी-पेट्रोल सगळं माझ्या एफडीतून, आणि देणगी सरळ संस्थेच्या खात्यात, पावती संस्थेची, मी मधे हातच लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी काकांना वही दाखवली. त्यांनी पाच हजार रोख काढले तर मी म्हटलं चेक द्या, 2000 च्या वर रोख दिलं तर 80जीची, म्हणजे देणगीवरची टॅक्सची सूट मिळत नाही. तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला, पैसे घेण्यापेक्षा नाकारल्यामुळे!

एक गंमत अजून. स्टुटगार्टचा चुलतभाऊ 200 युरो पाठवतो म्हणाला. त्याने जर्मन पासपोर्ट घेतलाय, म्हणजे ती परदेशी देणगी झाली आणि संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी) नाही, त्यामुळे घेता येईना. त्याचा रूममेट मात्र अजून भारतीय नागरिक, त्याने स्वतःच्या पगारातून बँकेतून पाठवले ते चालले. भाऊ दोन दिवस बोलला नाही. "मी परका आणि तो तेलुगू पोरगा घरचा का?" मग तिथे पोचल्यावर त्याने ते 200 युरो आम्हाला खाऊ घालण्यात उडवले.

*

सुदामा नगर, 2024 :

आमची गाडी कंटेनरने गेली. क्रेट बनवायचं काम ओळखीच्या सुताराला दिलं, त्याने इतका सुंदर बनवला की घरात ठेवावासा वाटावा, कडेला चक्क रंधा मारलेला. मग कळलं की पॅकिंगच्या लाकडाला हीट ट्रीटमेंटचा शिक्का लागतो, नाहीतर किडीच्या भीतीने पलीकडे अडवतात. तोडला. सुतार शेजारी उभा राहून बघत होता, मला त्याच्याकडे बघवेना. नव्या क्रेटमध्ये पुढचं चाक काढून, हँडल पाडून, पेट्रोल उपसून, बॅटरीची टर्मिनल सोडवून टेप लावून गाडी बसवली. आपली गाडी अशी हातपाय बांधलेली बघितली की पोटात कसंतरी होतं.

आता मेन किस्सा. गाडी न्हावा शेवाहून निघून गेली, आम्ही महिन्याने विमानाने जाणार. पण ज्यांनी देणग्या दिल्या त्यांना झेंडा दाखवायचाच होता, आधी खजराना गणपतीला गाडीची पूजा आणि मग राजवाड्यासमोरून प्रस्थान. गाडी कुठाय? समुद्रात. मग धाकट्या भावाची अ‍ॅक्टिवा धुतली, तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि मी पूर्ण रायडिंग जॅकेट-हेल्मेट घालून सकाळी साडेसहाला राजवाड्यासमोरून अ‍ॅक्टिवावर निघालो. सत्तरएक माणसं टाळ्या वाजवतायत. मागून एक पोहेवाला ओरडला, "भिया, इसी से जाओगे क्या?" सरळ छप्पन दुकानला गेलो आणि पोहे-जलेबी खाऊन मागच्या गल्लीने घरी. फोटोत अ‍ॅक्टिवाचा फक्त आरसा दिसतो, बाकीची गाडी कापून टाकली होती, आज पहिल्यांदा सांगतोय.

लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे त्या वर्षी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती, आमचंही गेलं. आम्ही हॅम्बुर्गला पोचलो तेव्हा गाडी आलेली नव्हती. अकरा दिवस हॉस्टेलमध्ये. तिथल्या खर्चाबद्दल बोलू नये.

*

महू :

मी थोडक्यात लिहितो. म्युनिकहून भाड्याची गाडी. हेअरपिन वळणांची प्रॅक्टिस आमची जाम गेटच्या घाटातली, त्यावर मारे फुशारक्या. आल्प्समधल्या स्टेल्वियो घाटाच्या प्राड गावाकडच्या बाजूला 48 वळणं आहेत आणि प्रत्येकावर नंबरची पाटी, खाली 48 आणि वर जाताना कमी कमी होत 1. 31 पर्यंत मोजली, मग मोजणं बंद, देवाचं नाव सुरू.

पण पडलो कुठे? पहिल्याच सकाळी, पेट्रोल पंपावर. तिथे आपणच भरायचं आणि मग आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे, त्या गडबडीत सगळं लक्ष गेलं (पेट्रोलच्या नळीवर गोल खूण, डिझेलच्या चौकोनी, हे मात्र वाचून गेलो होतो) आणि बाहेर पडताना सवयीने डावीकडे घुसलो. समोरून व्हॅन. तो थांबला, मी ब्रेक दाबला आणि उभ्या उभ्या आडवा झालो. लागलं काही नाही. ड्रायव्हरने उतरून गाडी उचलायला हात दिला आणि काही न बोलता उजव्या बाजूकडे बोट दाखवलं. त्यानंतर टाकीवर मार्करने मोठ्ठा बाण काढून घेतला.

*

लोकमान्य नगर, आई आहे मी :

माझ्या मुलाचं लिहिते, तो काही लिहायचा नाही. रात्री एकला त्याची बॅग भरत होतो. घरचं तूप आणि पेढे ठेवले तर म्हणतो आई, बाहेरून दुधाचं काही युरोपात न्यायला बंदी आहे. काढलं. जीरावन (पोह्यांवरचा मसाला) चालतं म्हणाला, मग त्याच्या तीन पुड्या. सकाळी गडबडीत औक्षण केलं, गाडी एअरपोर्टला गेली, आणि आत येऊन बघते तर चपलांच्या रॅकवर तुपाची बरणी. ती त्यानेच तिथे ठेवली होती, पण दोन महिने मी ती हलवली नाही. हे म्हणाले खराब होईल. होऊ दे म्हटलं.

*

न गेलेला :

आम्ही करता करता राहिलेल्यांपैकी. व्हिसा नाकारला. फॉर्मवर खूण होती की प्रवासाचा हेतू पटेल असा दिला नाही. चूक आमचीच वाटते आता, जिथे जागा मिळेल तिथे तंबू टाकू असा प्लॅन, म्हणून एकही बुकिंग नाही, आणि वर अर्जात लिहिलं चॅरिटी. तिथल्या माणसाने काय समजावं, हे पैसे गोळा करायला येतायत का द्यायला? तोवर 1 लाख 40 हजार जमले होते. देणाऱ्यांना फोन केले की राईड होत नाही, परत हवे असतील तर संस्थेशी बोलून देतो. दोघांनीच परत घेतले. एकाने विचारलं, मग आता मांडूला तरी जाणार का? गेलो, पावसात.

*

तिलक नगर :

धागाकर्ती ताई, सल्ले नको म्हणालात तरी एकच. कार्नेटच्या (गाडीचा कस्टमसाठीचा पासपोर्टच म्हणा) अर्जात मी इंजिन नंबर भरताना 8 च्या जागी इंग्रजी बी लिहिला. युरोपात कार्नेट कोणी फारसं विचारत नाही, पण गाडी आपल्याकडून तात्पुरती बाहेर आणि ड्यूटी न भरता परत आत, याला तेच लागतं, आणि कस्टमवाला आधी नंबर जुळवतो. बँक गॅरंटी वगैरे झाल्यावर हे लक्षात आलं आणि मुंबईच्या दोन जादा खेपा झाल्या. आरसीवरून उतरवू नका, इंजिनवर पेन्सिल घासून कागदावर छाप घ्या, आरटीओत घेतात तशी.

*

धागाकर्ती :

आत्ता रात्री पावणेबाराला पार्किंगमध्ये टॉर्च आणि पेन्सिल घेऊन बसले होते, वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. माझ्या गाडीचा इंजिन नंबर बरोबर आहे. मामेभावाच्या आरसीत चेसिसचा शेवटून दुसरा आकडा वेगळा आहे. तो झोपलाय, सकाळी उठवून सांगते.