फ्लॉरेन्समधील एक दिवस : गाइडसोबत काय पाहावे, काय सोडावे?

रंकाळाकाठ :
मे महिन्यात आम्ही रोमहून रेल्वेने एका दिवसासाठी फ्लॉरेन्सला जाणार असून सोबत सत्तरी ओलांडलेले सासूबाई-सासरे आहेत. सकाळी तीन तास गाइडबरोबर पायी फिरणे, नंतर उफ्फीत्सी व आकादेमिया ही संग्रहालये आणि कथीड्रलचा घुमट, इतके सारे एका दिवसात झेपेल का? आम्ही मूळचे कोल्हापूरचे असल्याने छत्रपती राजाराम महाराजांचे स्मारक पाहावे, अशी सासऱ्यांची फार इच्छा आहे. गाइड तेथे नेतात का?

सह्यवाटा :
घुमटावर चढण्याचा विचार सोडून द्यावा. ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. मात्र खाली उभे राहून त्याची बांधणी गाइडकडून अवश्य समजून घ्या. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून लाकडी आधार न उभारता हा दुहेरी कवचाचा घुमट चढवला. विटांच्या आडव्या थरांत ठरावीक अंतरावर उभ्या विटा बसवून त्यांची तिरपी नागमोडी रांग वर नेल्यामुळे चुना ओला असतानाही विटा घसरत नसत. हे ऐकल्यावर त्या इमारतीकडे पाहण्याची नजरच बदलते. गाइडचे पैसे अशा ठिकाणी सार्थकी लागतात.

मुठाकाठचा प्रवासी :
दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, त्यामुळे आधी वार पाहून घ्या. दोन्हींचा हट्ट धरू नये. उफ्फीत्सीतील दालनांमधून चालून वयस्कर माणसे थकून जातात, तर आकादेमियात मायकेलअँजेलोचा पाच मीटरांहून उंच ‘डेव्हिड’ तासाभरात निवांत पाहता येतो. तिकिटे वेळेसह आधीच काढावीत. पोन्ते वेक्यो पूल वाटेतच लागेल. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील आर्नो नदीवरचे बाकीचे सर्व पूल उडवले, हा एकच राहिला.

पंचगंगा :
स्मारक काशिने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला असल्याने नेहमीच्या पायी सहलीत ते येत नाही. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराजांचे फ्लॉरेन्समध्ये निधन झाले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाले आणि १८७४ मध्ये तेथेच छत्री उभी राहिली. आतील रंगीत अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा असून छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्यानुसार बांधलेला आहे, हे सासऱ्यांना तेथे उभे असताना आवर्जून सांगा. शेजारच्या मोठ्या पुलालाही इटालियन लोक ‘इंडियानो’च म्हणतात. माझ्या मते उफ्फीत्सी गाळून दुपार या जागेला द्यावी. तेथे रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी मिळत नाही, म्हणून स्थानकासमोरच्या थांब्यावरून ती घ्यावी आणि परतीसाठी त्याच चालकाला थांबवून ठेवावे.