मागच्या सीटवर हिटलर: ही पोस्टरं नक्की कुणासाठी होती?

शाईपेन
फेब्रुवारी १९४०. ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाने 'फुगास' या टोपणनावाने चित्रं काढणाऱ्या केनेथ बर्डची आठ पोस्टरं लावली. बसमध्ये दोन बायका गप्पा मारतायत, मागच्या सीटवर हिटलर आणि त्याचा हवाई दलप्रमुख गोअरिंग कान टवकारून बसलेत. दुसऱ्या एका चित्रात वॉलपेपरभर हिटलरचेच चेहरे. खाली ओळ: बेसावध बोलण्याने जीव जातात.

चित्रं झकास आहेत, वाद नाही. पण हेरांपेक्षा आपल्याच लोकांची तोंडं बंद करायला ती जास्त उपयोगी पडली, असं माझं मत. ब्रिटनमध्ये उतरलेले जवळजवळ सगळे जर्मन हेर पकडले गेले होते. त्यातल्या काहींना तर ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेने फितवून जर्मनीलाच खोट्या बातम्या पाठवायला लावल्या. मग बसमध्ये ऐकत कोण होतं?

खलाशी
हे सगळं युद्धानंतर उघड झालं, साहेब. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा सामान्य माणसाला काय ठाऊक? जहाज कधी सुटणार हे बंदरावरच्या हमालाला, खलाशाच्या बायकोला, गुत्त्यातल्या पोऱ्यालाही माहीत असतं. बाहेर अटलांटिकमध्ये पाणबुड्या टपलेल्या. अशा वेळी 'जरा जपून बोला' म्हणणं ही मुस्कटदाबी?

शिवाय फुगास हसवतो, दम देत नाही. जर्मनीत 'शत्रू ऐकतोय' म्हणून काळी सावली रंगवत, आणि परकी रेडिओ ऐकणं तिथे गुन्हा होता.

शाईपेन
हसवून झाल्यावर काय झालं तेही सांगा की. जुलै १९४० मध्ये माहिती मंत्री डफ कूपर यांनी 'सायलेंट कॉलम' मोहीम काढली. अफवा पसरवणाऱ्याला, रडगाणं गाणाऱ्याला गप्प करा! 'आपण हरणार' असं बोलल्याबद्दल लोकांवर खटले झाले. जहाजाची तारीख फोडणं आणि सरकारवर वैतागणं या दोन गोष्टी एकाच माळेत ओवल्या.

खलाशी
आणि त्याच महिन्यात चर्चिलनी संसदेत ती मोहीम गुंडाळली. का? लोकांनी आणि वृत्तपत्रांनी बोंब मारली म्हणून. अर्धीच गोष्ट सांगू नका.

तिरफळ
दोघांनाही एक दिसत नाहीये. बसमध्ये बडबडणाऱ्या कोण? बायका. १९४२ च्या पोस्टरमध्ये सोफ्यावर रेललेली सुंदरी, भोवती तिन्ही दलांचे अधिकारी. म्हणजे बोलणार पुरुष आणि संशय तिच्यावर. 'बाबांसारखं गप्प राहा' (इंग्रजीत 'कीप मम': गप्प राहा, किंवा आईला पोसा, असा दुहेरी अर्थ) छापाच्या पोस्टरवर खासदार एडिथ समरस्किल यांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता.

खलाशी
सुंदरीचं पोस्टर अधिकाऱ्यांसाठीच होतं, टोमणा त्यांनाच आहे. बाकी मुद्दा मान्य.

माझगावकर
मुंबईचं बघा. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' फुटलं. एकाच जहाजात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा! सोनं शहरात उडून पडलं, आग मैलभरावरून दिसत होती, पण सेन्सॉरने बातमी अडवली. पत्रकारांना ती बाहेर पाठवायची मुभा मे महिन्यात मिळाली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र दुसऱ्याच दिवशी तपशिलासकट सांगितली.

खलाशी
म्हणजे कुणीतरी बोललंच ना! पोस्टरवाले हेच सांगत होते.

माझगावकर
बोललं असेल. पण आवाज ऐकून, धूर बघूनही ज्यांच्या हातात बातमी नव्हती, ते मुंबईकर होते. टोकियोला कळलेलं गिरगावात सांगितलं असतं, तर कुठलं जहाज बुडणार होतं?