धरणग्रस्त, बाधित की विस्थापित?

एका अहवालाचं भाषांतर करतेय, धरणात ज्यांचं गेलं त्यांना काय लिहू? 'विस्थापित' धरलंय, चालेल ना, तिन्ही शब्द सारखेच वाटतात.

— ताई, सारखे नाहीत. विस्थापित म्हणजे ज्याला घर सोडून दुसरीकडे जावं लागलं तो. ज्याचं घर वाचलं पण शेत बुडालं तो विस्थापित होत नाही, पण धरणग्रस्त आहेच, तुमच्या भाषांतरात तो माणूस गळून जाईल.

आणि बाधित मला पटत नाही. पुनर्वसनाच्या १९९९ च्या कायद्याच्या नावात 'प्रकल्पबाधित व्यक्ती' आहे हे खरं, पण बाधा अन्नाची होते आणि उतरते, गावाचं तसं नसतं. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक होडीनं बघायला जातात, पण देऊळ दिसलं म्हणून गाव थोडंच परत मिळतं? ग्रस्त म्हणजे गिळलेला. खग्रास ग्रहणातला ग्रास तोच, आपला जेवणातला घास पण त्याच्यातूनच आलाय. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली ज्यांची गावं गेली त्यांना हाच शब्द लागू पडतो.

— ग्रस्त बरोबर आहे पण मला एक खटकतं, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या रांगेत धरणग्रस्त बसवला की धरण पण आभाळातून पडल्यासारखं वाटतं. पाटण तालुक्यात तर आधी कोयना धरण आलं आणि मग ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, तिथली माणसं दोन्ही ग्रस्त. पण भूकंपाला कोणी सही केली नव्हती, धरणाला केली होती.

— हे एकदम बरोबर बोललात. माझी आजी कोयनेकाठची, ती यातला एकही शब्द वापरायची नाही, "आमचं गाव उठलं" एवढंच म्हणायची. उठलं, उठवलं नाही!! मी लहानपणी विचारायचो कुणी उठवलं, तर म्हणायची सरकारनं, आणि पुढच्या वाक्यात परत 'उठलं'च. नव्या जागेला ती शेवटपर्यंत 'पुनर्वसन' म्हणायची, "पुनर्वसनात विहिरीला पाणी नाही" असं, गावाचं नाव घ्यावं तसं. प्रकल्पग्रस्ताचा दाखला मात्र पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत जपून ठेवलेला, नातवाला सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांच्या ५ टक्के राखीव जागांतून जागा मिळेल म्हणून.

— सगळ्यांचे आभार. धरणग्रस्त करते, आणि वाक्यं 'गाव उठलं' अशी होती ती 'गाव उठवलं' करते. शेत गेलेली बारा कुटुंबं मी खरंच यादीतून गाळली होती, ती आत्ता परत घालतेय.