सल्ला हवाय: ५० हजारात व्हॅलोरंटसाठी पीसी, अन् फँटम घ्यावी का वँडल?

औसारोड_लातूर
राम राम मंडळी. धाकट्या भावाची बारावी झाली अन् आता त्याला (खरं तर मला बी) व्हॅलोरंट, तो पाच-पाच जणांचा ऑनलाइन बंदुकीचा गेम, खेळायला धड पीसी पाहिजे. आतापर्यंत घरच्या जुन्या लॅपटॉपवर खेळायलोत, ४ जीबी रॅम, गेममधे स्मोक (धूर) पडला की चित्र अडकतं अन् स्मोक हटेपर्यंत आपण मेलेलो असतो. बजेट सगळं धरून ५० हजार म्हणजे मॉनिटर माऊस कीबोर्ड सगळं त्यातच, त्याच्या वर बाबा एक रुपया देणार नाहीत, सोयाबीनचा भाव तुम्हाला माहितीच आहे. इथल्या एका दुकानदारानं कोटेशन दिलंय: तिसऱ्या पिढीचा आय ५, ८ जीबीची एक स्टिक, ४ जीबीचं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११ टाकून, १९ इंची मॉनिटर. म्हणायलाय गेम पळतो. पळतो का?
दुसरं म्हणजे गेममधली बंदूक, फँटम अन् वँडल या दोन रायफली. भाऊ वँडलशिवाय कशाला हात लावत नाही, मला फँटम बरी वाटते, रोज भांडण. दोघं बी ब्राँझ या खालच्या रँकमधे रुतून बसलोत.

गोदाकाठ_नांदेड
ते कोटेशन परत दे लेका त्याला. विंडोज ११ पासूनच घोळ आहे. व्हॅलोरंटसोबत व्हॅनगार्ड येतं, चोरपकड्या प्रोग्राम समज, पीसी चालू झाल्या झाल्या ते बी चालू होतं, अन् विंडोज ११ असेल तर त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) अन् सिक्युअर बूट (चालू होतानाची तपासणी) दोन्ही चालू लागतात. तिसऱ्या पिढीच्या त्या ऑफिसातून निघालेल्या मशीनमधे टीपीएम २.० नसतं, दुकानदार जुगाड करून ११ टाकून देतो, डेस्कटॉप चकाचक दिसतो अन् घरी येऊन गेम उघडला की व्हॅन ९००१ चा एरर. विंडोज १० वर गेम चालेल पण त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केलाय, मग आज घरातले पैसे घालून तिथंच कशाला अडकायचं.
वरून ते जीटी ७३०. ४ जीबी ४ जीबी करून विकतात पण कार्डात दमच नाही तर ती मेमरी काय चाटायची. रायझन ५ ५६००जी मधे जे आतलं ग्राफिक्स येतं ना, वेगा ७, ते त्या कार्डापेक्षा जोरात आहे अन् त्याचे वेगळे पैसे नाहीत.
हा गेमच मुळात हलका. कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त चालतो. गेम काढणाऱ्या रायट कंपनीनं गेम आला तेव्हा किमान म्हणून काय सांगितलं होतं बघ, कोअर २ ड्युओ ई८४०० अन् इंटेल एचडी ४०००, त्यावर ३० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. म्हणजे तुला मोठं कार्ड नको. ५६००जी घे, साधा बी४५० किंवा ए५२० बोर्ड, ५१२ जीबीचा एनव्हीएमई (फास्ट एसएसडी), अन् रॅम ८ च्या दोन स्टिक. १६ ची एक नाही, ८ च्या दोन!! आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं, एकच स्टिक लावली म्हणजे सगळं वऱ्हाड एकाच दारातून आत घुसायलंय. दोन लावल्या की एफपीएसमधे फरक डोळ्याला दिसतो. स्पीड ३२०० घे अन् बायोसमधे (बोर्डाच्या सेटिंगमधे) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण स्पीड, चालू कर, नाहीतर ती २४०० किंवा २६६६ लाच पळत बसते अन् कोणाला पत्ताच नसतो. लो सेटिंगवर १००च्या वर आरामात मिळतील. रॅमचे भाव सध्या चढलेत तेवढं मनाची तयारी ठेव.

पैठणगेट
५६००जी ला पैसे घालण्यापेक्षा साधा ५६०० घ्या अन् सेकंडहँड आरएक्स ५८० कार्ड टाका ना. ५६०० ला कॅश (प्रोसेसरची आतली मेमरी) दुप्पट आहे, ३२ एमबी, जी वाल्याला १६ च. उद्या दुसरे गेम खेळायचे म्हणले तर?

गोदाकाठ_नांदेड
@पैठणगेट कागदावर बरोबर आहे दादा, पण ५० हजारात मॉनिटर बी बसवायचाय. अन् सेकंडहँड ५८० म्हणजे निम्मी कार्डं क्रिप्टो मायनिंगमधे रगडून निघालेली, त्यात २०४८एसपी वाली बी ५८० म्हणूनच विकतात, ती खरं तर ५७० च. सेकंडहँडमधे अजून एक भानगड आहे जी कोणी सांगत नाही: हॅक वापरून पकडला गेलेल्याची मशीन असेल तर व्हॅनगार्डचा हार्डवेअर बॅन, म्हणजे मशीनवरच बंदी, असू शकतो, आयडी नवा काढला तरी काही होत नाही. कॅफे बंद पडला की मशीन स्वस्तात निघतात, तिथून घ्यायची असेल तर समोर बसून लॉगिन करून एक मॅच खेळून मगच पैसे काढायचे.
कार्ड काय, नंतर टाकता येतं. बोर्डावर कार्डाचा स्लॉट तिथंच राहणारे.

औसारोड_लातूर
बरं झालं विचारलं. मग मॉनिटर? दुकानदार म्हणायलाय ७५ हर्ट्झ (सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलतं) भरपूर झाला, डोळ्याला त्याच्या वर काही कळत नाही.

तेरणाकाठ
डोळ्याला कळत नाही म्हणणाऱ्याला एकदा १४४ वर माऊस हलवायला लाव. ६० हर्ट्झला नवं चित्र यायला १६.७ मिलिसेकंद लागतात, १४४ ला ६.९. कोपऱ्यातून जेट (गेममधली एक खेळाडू) उडी मारून निघाली तर ती तुला आधी दिसली पाहिजे ना. पैसे वाचवायचे तर कॅबिनेटच्या लायटिंगमधे वाचव, मॉनिटरमधे नको. २४ इंची, १०८०पी, १४४ किंवा त्याच्या वरचा, बास. अन् आणल्यावर विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमधे जाऊन हर्ट्झ बदल, आपोआप होत नाही कधी कधी. माझ्या ओळखीतले लोक १४४ चा मॉनिटर घेऊन ६० वर खेळायलेत अन् वरून म्हणतात फरकच नाही.
माऊस लॉजिटेक जी१०२ घे, सेन्सर चांगला अन् वायरचा आहे म्हणजे सेल संपायची कटकट नाही. डीपीआय (माऊसचा वेग) ८०० ठेव अन् गेममधे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माऊस हलवला की नजर किती फिरते ते, ०.३ ते ०.४ च्या आसपास. भावाची किती आहे विचार. मी पैज लावते दीडच्या वर असणार, ब्राँझमधली निम्मी पोरं भिंगरीसारखी फिरत असतात. माऊसपॅड मात्र मोठा घे, हात कोपरापासून फिरला पाहिजे. कीबोर्ड कुठला बी चालतो.
हेडफोन ब्लूटूथचे नको, आवाज उशिरा येतो. वायरचे साधे घे अन् गेमच्या ऑडिओ सेटिंगमधलं एचआरटीएफ (आवाजाची दिशा दाखवणारं) चालू कर, पावलं कुठून यायलीत ते कळतं. ते चालू असेल तर विंडोजचं सराउंड बंद ठेवायचं, दोन्ही मिळून कालवा होतो.

दुधना_परभणी
सगळे प्रोसेसर अन् मॉनिटर करायलेत, लाइटचं कोणी बोलंना. अरे बाबा मराठवाड्यात पीसी बांधायलास तू, पुण्यात नाही.
एसएमपीएस, पीसीला वीज देणारा डबा, ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो डबा काढून टाक, चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवणारा, असा शिक्का असलेला) घे अन् त्यात अॅक्टिव्ह पीएफसी आहे का, १०० ते २४० व्होल्ट चालतो का ते बॉक्सवर वाच. रब्बीत सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज कुठं जातं माहितीये ना, पंखा बी आळस देतो. स्वस्तातला एसएमपीएस तिथं मान टाकतो अन् जाताना बोर्डाला बी घेऊन जातो. त्याहून वाईट म्हणजे लाइट परत येते तेव्हाचा झटका.
यूपीएस ६०० व्हीएचा घे, लाइन इंटरॅक्टिव्ह, त्यात व्होल्टेज सांभाळायची सोय असते. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० च, पण तुझ्या ५६००जी ला अन् मॉनिटरला ते लई झालं. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको असं म्हणू नको, चौकोनी लहरीचा असेल तर त्यावर हे नवे एसएमपीएस कुरकुर करतात, अन् साध्या मोडवर बदलायला इतका वेळ घेतो की पीसी रीस्टार्टच होतो.
अन् हो, राउटर!! पीसी यूपीएसवर अन् राउटर भिंतीच्या प्लगला, मग लाइट गेली की पीसी चालू अन् नेट बंद, काय फायदा. मॅच सोडल्याचा दंड तसाच बसतो, व्हॅनगार्ड काय अन् रायट काय, त्यांना काय माहिती तुमच्या डीपीवर कावळा बसलता. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस वेगळा मिळतो, तो लाव.
शेवटचं, अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का बघ. आपल्याकडं जुन्या घरात तिसरी पिन नावालाच असते. वायरमन बोलवून आधी ते कर.

औसारोड_लातूर
दुधना काका तुम्ही तर आमचं घरच बघून लिहिलं की. झिणझिण्या फ्रिजला बी येतात.
वरची खोली पत्र्याची आहे, तिथं ठेवायचा विचार होता, चालतंय का?

दुधना_परभणी
फ्रिजचं आजच बघ रे, गेम नंतर. पत्र्याखाली मे महिन्यात तू तरी बसतोस का? खालीच ठेव. कॅबिनेट समोरून जाळीचा घे, काचेचा दिसायला भारी पण आत वारा जात नाही, तापला की प्रोसेसर स्वतःच हळू होतो. धूळ दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरनं काढ.

बार्शीनाका
एवढं करण्यापेक्षा मोबाइलवर बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) खेळा की. २० हजारात काम होतंय.

औसारोड_लातूर
@बार्शीनाका जुलै २०२२ ला ती अचानक गायब झाली तेव्हा माझ्या आयडीसोबत सगळं गेल्यासारखं वाटलं होतं, परत आली ते २०२३ च्या मे मधे. तेव्हापासून मन उडालं भाऊ.
तेरणाकाठ ताई, बंदुकीचं राहिलं.

तेरणाकाठ
हाव, लिहायलेच. हे पीसीपेक्षा महत्त्वाचं आहे म्हणून जरा लांबेल.
दोन्हीची किंमत गेममधल्या पैशात २९०० च. वँडल डोक्यात एक गोळी, कितीबी लांबून, १६० डॅमेज. समोरच्याचा जीव पूर्ण शील्ड (चिलखत) घालून १५० चा असतो म्हणजे संपला विषय. फँटमची डोक्यातली जवळून १५६, लांबून १४०. म्हणजे लांबून डोक्यात नीट मारून सुद्धा तो उलीसा जीव घेऊन पळतो अन् तू म्हणतोस गेमच खराब आहे. पण फँटमला ३० गोळ्या, वँडलला २५, फँटम सेकंदाला ११ झाडते तर वँडल ९.७५, आवाज दबलेला अन् गोळीची रेघ समोरच्याला दिसत नाही. स्मोकमधून झाडायची तर फँटम, वँडलनं झाडलं की रेघेवरून तुझा पत्ता लागतो.
आता तुमचं भांडण. ब्राँझमधे डोकं लागतं किती? बहुतेक अंगावरच झाडतात, चालता चालता. त्याला फँटम माफ करते, वँडल करत नाही. म्हणून माझं मत, तू फँटमच ठेव अन् भावाला सांग वँडल घेऊन थांबून मारायला शिक, पाय हलत असताना रायफल कुठं बी मारते. स्प्लिट, बाइंडसारख्या अरुंद मॅपवर फँटम, ब्रीझसारख्या मोकळ्या मॅपवर वँडल. ज्याला एकच घेऊन हात बसवायचाय त्यानं एकच घ्यावी, रोज बदलू नये.
पण तुम्ही रुतलात ते बंदुकीनं नाही, गेममधल्या पैशानं. सगळे खेळायलेत चार जण पैसे वाचवायलेत अन् पाचवा ऑपरेटर (महागडी स्नायपर) घेऊन मरायलाय असं. पहिल्या राउंडला ८०० असतात, घोस्ट पिस्तूल ५०० चं घे अन् उरलेल्यात एबिलिटी (धूर वगैरे खास शक्ती). शेरिफ पिस्तूल पूर्ण ८०० खातं, भावाला म्हणावं डोकं लागणार असेल तरच. जिंकलात तर ३००० येतात, दुसऱ्या राउंडला स्पेक्टर ही छोटी मशीनगन १६०० अन् मोठं शील्ड १००० असं घ्या, समोरचे पिस्तुलावर असतात, स्पेक्टर चालत चालत बी बरी मारते. हरलात तर १९०० च येतात अन् इथंच सगळे घोळ करतात. तिथं १६०० ची स्पेक्टर घेऊन परत हरलं की तिसऱ्या राउंडला हात रिकामे. काहीच नाही घेतलं तर १९०० अन् दुसऱ्या हारीचे २४०० मिळून ४३००, म्हणजे वँडल, मोठं शील्ड अन् वर ४०० एबिलिटीला. फारच खाज असेल तर मार्शल ही स्वस्त स्नायपर घे, ९५० ची, बिनशील्डवाल्याला अंगात एका गोळीत पाडते, अन् तरी पुढच्या राउंडला ३३५० राहतात, २९०० ची रायफल अन् ४०० चं लाइट शील्ड निघतंय. खरेदीच्या स्क्रीनवर पुढच्या राउंडला कमीत कमी किती असतील ते लिहिलेलं असतंय, ते कोणी वाचतच नाही काय की.

पैठणगेट
ताई गार्डियन रायफल राहिली. २२५० ला डोक्यात १९५.

तेरणाकाठ
मुद्दाम सोडली. एक एक क्लिक करून मारायचा संयम असेल तर सोनं, पण दाबून धरणाऱ्या पोरांच्या हातात ती काठीच. अन् स्किनचे (बंदुकीच्या रंगरूपाचे) पैसे मागायला लागला भाऊ तर सांग, स्किननं डॅमेज एक पॉइंट बी वाढत नाही.

औसारोड_लातूर
भावाला वाचून दाखवलं. १.८ निघाली सेन्सिटिव्हिटी 😂 म्हणतो ऑपरेटरचं काय.

तेरणाकाठ
४७०० ची आहे. अंगात एक गोळी १५०, म्हणजे पूर्ण शील्डवाला बी खलास, हे खरंय. पण मेला की ती समोरचा उचलतो अन् तुमच्यावरच वापरतो. १.८ वर तर नकोच!

औसारोड_लातूर
ठरलं मग: ५६००जी, ए५२०, ८ च्या दोन, ५१२ एनव्हीएमई, ४५० ब्राँझ, जाळीचा कॅबिनेट, २४ इंची १४४, जी१०२, कीबोर्ड जुनाच. यूपीएसला मामा मदत करतो म्हणायलेत. नेट फायबर आहे, वायफायवर मुंबई सर्व्हरला पिंग (जाऊन परत यायचा वेळ, मिलिसेकंदात) ४० च्या आसपास, कधी कधी एकदम १५० ला जातं.

गोदाकाठ_नांदेड
एकदम उडायलंय म्हणजे वायफायचा किंवा घरात कोणी व्हिडिओ अपलोड करायलं त्याचा त्रास. राउटरपासून पीसीपर्यंत कॅट ६ ची वायर ओढ, मग बघ. अन् दुकानातून निघताना पक्कं बिल घे, प्रोसेसर बॉक्सवालाच माग, त्याला ३ वर्षांची वॉरंटी असते, बॉक्सवरचा सिरियल नंबर बिलावर लिहून घे. बोर्डाचा बायोस ५६००जी ला चालणारा आहे का तेबी तिथंच चालू करून बघ, जुना स्टॉक असेल तर डिस्प्लेच येत नाही.